स्थलांतरितांची गाणी : एका यादीची हकिकत

मेजवानीसाठी गाण्यांची यादी करणे हे मराठीच्या प्राध्यापकांचे काम नव्हे, असे आमच्या विद्यार्थ्यांचे मत आहे आणि त्या संध्याकाळनंतर ते आम्हांलाही बरेचसे पटले आहे. तरीही यादी केली, ती का केली आणि तिचे पुढे काय झाले, हे लिहून ठेवावेसे वाटते.

आमच्या विभागातला एक विद्यार्थी ‘नेट’ परीक्षा संशोधनवृत्तीसह उत्तीर्ण झाला. एम.ए.ला असताना त्याने शाहिरी वाङ्मयातल्या मुंबईवर प्रबंधिका लिहिली होती. आम्ही दोघांनी वाचलेल्या गेल्या काही वर्षांतल्या प्रबंधिकांपैकी संदर्भ जिथून घेतले तिथलेच आहेत, अशी खात्री देता येईल अशा मोजक्यांत ती होती. निकालाच्या सहा महिने आधी तो एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावरील जागेसाठी मुलाखतीला गेला होता. तिथे त्याचे आडनाव वाचून विचारले गेले, “घरी कोणती भाषा बोलता?” त्याने खरे ते सांगितले : आईशी भोजपुरी, बहिणीशी मराठी, वडिलांशी दोन्ही. त्यावर, “मग मराठी कशाला घेतलंत?” हा दुसरा प्रश्न आला आणि मुलाखत संपली. त्याने हे आम्हांला हसत सांगितले. त्याचे वडील पूर्व उत्तर प्रदेशातून सुतारकामासाठी कृष्णाकाठच्या या तालुक्याच्या गावी आले, त्याला तीस वर्षे झाली. आमच्या विभागातली पुस्तकांची कपाटे त्यांच्याच हातची आहेत, आणि फळ्या अजून वाकलेल्या नाहीत.

आम्हांला हसू आले नाही. राग आला, आणि प्राध्यापकांच्या रागाचे होते तेच त्याचेही झाले, म्हणजे त्यातून एक अभ्यासक्रम निघाला. त्याच्या यशाबद्दल गच्चीवर छोटी मेजवानी द्यायची ठरली तेव्हा आम्ही जाहीर केले की गाणी आम्ही निवडू, आणि यादीतले प्रत्येक गाणे अशा कलावंताचे असेल ज्याने आपला मुलूख सोडून दुसऱ्याच्या मुलखात येऊन गाणे केले. नाव ठेवले ‘स्थलांतरितांची गाणी’. आमच्यापैकी एकाला हे नाव सुचले आणि दुसरीला ते आवडले, तेव्हा दोष निम्मा निम्मा.

पहिला क्रमांक कोणाचा याबद्दल वाद झाला नाही. आम्ही चाळिशीतली माणसे, आकाशवाणीची पहाटेची संकेतधून ऐकत वाढलेली. तंबोऱ्याच्या पार्श्वभूमीवर उठणारे ते व्हायोलिन ऐकले की आजही नाकाला चुलीवरच्या पाण्याचा धूर लागतो. ही शिवरंजनीच्या वळणाची धून वॉल्टर कॉफमन या संगीतकाराची मानली जाते. कॉफमन १९०७ साली कार्ल्सबाड इथे जन्मलेला ज्यू. नाझी जर्मनीत सत्तेवर आल्यावर, १९३४ मध्ये, तो मुंबईस आला. सुरुवातीला इथले संगीत त्याला अजिबात उमगले नाही. पण ज्या संगीताला एवढी माणसे जीव लावतात ते निरर्थक असणार नाही, दोष आपल्या कानाचा असेल, असे धरून तो शिकत राहिला. मुंबईच्या नभोवाणी केंद्रात त्याने पाश्चात्त्य संगीताचे काम पाहिले, चित्रपटांना संगीत दिले, चेंबर म्युझिकच्या मैफली चालवल्या. १९४६ मध्ये तो इथून गेला. इंग्लंड, मग कॅनडा, शेवटी अमेरिकेतले इंडियाना विद्यापीठ. उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा त्याचा इंग्रजी ग्रंथ १९६८ चा आहे. धुनेतले व्हायोलिन मेहली मेहतांचे, असे सांगतात. म्हणजे एका निर्वासिताने परक्या रागाच्या आधाराने काहीएक बांधले, एका पारशाने ते वाजवले आणि कित्येक दशके आपण त्यावर घड्याळ लावले. या धुनेला कोणी ‘परप्रांतीय’ म्हणाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

(मेजवानीत कोणी संकेतधून वाजवते का, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी नंतर विचारला. तो आम्हांला आधी सुचायला हवा होता.)

कॉफमन मुंबईत आला त्याच सुमारास ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतून कृष्णवर्णीय जॅझ वादक येऊ लागले होते. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी, पाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड. आपल्या देशात ज्यांना पुढच्या दाराने हॉटेलात शिरणे अवघड, त्यांना इथल्या सर्वांत महागड्या हॉटेलात मानाची जागा मिळाली. अर्थात त्या हॉटेलात शिरणे इथल्या बहुसंख्य लोकांनाही अवघडच होते. वेदरफोर्ड परत गेला नाही. १९४५ मध्ये कॉलऱ्याने कलकत्त्यात वारला. नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ (२०१२) या पुस्तकात हा सारा काळ आला आहे. इंग्रजी वाचण्याचा कंटाळा करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीही ते पुस्तक चित्रे पाहत पाहत वाचून संपवले.

या वादकांकडून जॅझ उचलले ते गोव्याच्या वादकांनी. आमची यादी खरी इथे रेंगाळली.

गोव्याचे वादक मुंबईला परके कसे, असे आज वाटते. पण १९६१ पर्यंत गोवा हा पोर्तुगालच्या ताब्यातला प्रदेश होता. माजोर्ड्याहून मुंबईला आलेला व्हायोलिनवादक कागदोपत्री दुसऱ्या सत्तेचा प्रजाजन असे, आणि १९५४-५५ नंतर तर ये-जा करणेही परवान्यांच्या कचाट्यात सापडले होते. चर्चच्या शाळेत मेस्त्रकडून लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकलेली ही मुले. शेती थोडी, नोकऱ्या त्याहून थोड्या. मग कोणी जहाजावर खलाशी झाला, कोणी आफ्रिकेला गेला, आणि ज्याच्या हाती वाद्य होते तो मुंबईला आला. उतरायचे धोबीतलावला किंवा माझगावला, आपल्या गावच्या ‘कुडा’त. कूड म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेली खोली. भिंतीला लागून पत्र्याच्या पेट्या, मधे अंथरुणे, एका बाजूला वेदी, संध्याकाळी रोझरी चुकवायची नाही. गिरणगावातल्या गाळ्यात सातारकरांची, कोकणातल्या चाकरमान्यांची जी व्यवस्था होती तिचीच ही बहीण. आमच्यापैकी एकाचे आजोबा लालबागच्या अशाच एका खोलीत पाळीने झोपत. एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच अंथरुणावर. त्यामुळे कुडाचे वर्णन वाचताना ती खोली आम्हांला अनोळखी वाटली नाही. भिंतीवर येशूऐवजी विठोबा, एवढाच काय तो फरक.

या माणसांनी हिंदी चित्रपटसंगीताचे काय केले ते थोडक्यात असे. संगीत दिग्दर्शकाला चाल सुचे. ती तो पेटीवर गाऊन दाखवी. पण पन्नास-साठ वादकांच्या ताफ्याने नेमके काय वाजवायचे, व्हायोलिनने कुठे उठायचे, ट्रम्पेटने कुठे गप्प राहायचे, हे कागदावर उतरवणारा माणूस बहुधा गोव्याचा असे. त्याला ‘अरेंजर’ म्हणत. सेबॅस्टियन डिसोझा हे त्यांतले मोठे नाव. फाळणीपूर्वी ते लाहोरला वाजवत असत. फाळणीनंतर मुंबईस आले, म्हणजे त्यांच्या वाट्याला दोनदा मुलूख सोडणे आले. ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्या कितीतरी गाण्यांत गायकाच्या मागे जी भरती-ओहोटी चालते ती त्यांची आहे. तबकडीवर मात्र त्यांचे नाव नसे. ग्रेगरी बूथ या अमेरिकी अभ्यासकाने ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) हे पुस्तक या वादकांशी बोलून लिहिले. वर्षानुवर्षे आपण जे ऐकत आलो ते कोणी वाजवले हे समजायला आपल्याला तेवढी वाट पाहावी लागली. साहित्याच्या माणसांनी हे मनावर घ्यावे असे आहे. लेखकाचे नाव वगळून पुस्तक छापले तर आपण किती ओरडू!

या विभागातून आम्ही तीन गाणी घेतली. पहिले ‘शोला जो भडके’, चित्रपट ‘अलबेला’ (१९५१). संगीत सी. रामचंद्र म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, नाचणारे भगवानदादा, आणि ट्रम्पेटच्या बाजूला ‘चिक चॉकलेट’. खरे नाव अंतोनियो शाविएर वाझ, गाव बार्देशातले हळदोणे. लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. नगर जिल्ह्यातला ब्राह्मण, दादर-परळचा गिरणकामगाराचा मुलगा आणि हळदोण्याचा ख्रिस्ती यांनी मिळून क्यूबाच्या ठेक्यावर हे गाणे उभे केले. आपण त्याला जुने हिंदी गाणे म्हणतो. दुसरे ‘ईना मीना डीका’, ‘आशा’ (१९५७) मधले, तेही सी. रामचंद्रांचे. अर्थ नसलेल्या शब्दांच्या त्या माळेत ‘मला नको’ या अर्थाचे दोन कोकणी शब्द बसले आहेत. ताफ्यातल्या गोवेकर सहकाऱ्याच्या तोंडून ते आले, अशी हकिकत सांगतात. भाषाविज्ञानाच्या तासाला हे उदाहरण द्यायला हरकत नाही.

तिसरे गाणे आम्हांला सर्वांत जवळचे, आणि त्याच्याबद्दल थोडी खंतही. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधले ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’. अंड्यातून बाहेर येऊन निरर्थक इंग्रजी फेकणारा अमिताभ सर्वांना आठवतो. अँथनी गोन्साल्विस नावाचा माणूस खरोखर होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. १९२७ साली माजोर्ड्याला जन्मलेले हे व्हायोलिनवादक विशीच्या आतच मुंबईस आले, नौशादांच्या ताफ्यात वाजवू लागले, पुढे अरेंजर झाले. रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांची सांगड घालावी असा त्यांचा ध्यास. १९५८ मध्ये त्यांनी ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात मैफल केली. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. १९६५ मध्ये ते अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. परतले ते मुंबईला नव्हे, माजोर्ड्याला, आणि चित्रपटसृष्टीकडे पुन्हा वळले नाहीत. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतल्या प्यारेलालजींना त्यांनी व्हायोलिन शिकवले होते. त्या शिष्याने गुरूचे नाव या गाण्यात घातले. २०१२ च्या जानेवारीत गोन्साल्विस वारले. ज्याचे नाव साऱ्या देशाच्या तोंडी आहे असा हा माणूस. पण ते नाव ऐकून लोक हसतात. गुरुदक्षिणेचा याहून विचित्र प्रकार आमच्या वाचनात नाही. शिष्याचा हेतू निर्मळ होता यात शंका नाही. पण माणसाचे नाव गाजणे आणि त्याचे काम माहीत असणे या दोन गोष्टी एकमेकींपासून किती दूर जाऊ शकतात!

पुढची गाणी पटापट सांगतो. क्वीनचे एक घेतले, कारण त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा झांझिबारमध्ये जन्मलेला फारुख बलसारा, आणि तो आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. तिथे त्याने ‘हेक्टिक्स’ नावाचा मुलांचा बँड काढला. १९६४ च्या झांझिबारमधल्या क्रांतीनंतर घरच्यांबरोबर त्याला इंग्लंडला जावे लागले. आपल्या मुळांविषयी तो जाहीरपणे फारसा बोलत नसे, आणि याबद्दल त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला आहे असे आम्हांला वाटत नाही.

सेलिया क्रूझचे ‘किंबारा’ हे आमच्यापैकी दुसरीचे आवडते. सेलिया १९६० मध्ये क्यूबाबाहेर पडली ती कायमची. आई वारली तेव्हाही तिला परत येऊ दिले नाही. १९९० मध्ये ग्वांतानामोच्या अमेरिकी तळावर गायला गेली असताना तिने कुंपणाजवळची क्यूबाची मूठभर माती उचलली. २००३ मध्ये ती माती तिच्या शवपेटीत ठेवली गेली. मंचावर ती आरोळी ठोके ती ‘साखर’ या अर्थाच्या स्पॅनिश शब्दाची. क्यूबातल्या उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी काय भोगले हे ज्याला माहीत आहे त्याला ती आरोळी नुसती गोड लागणार नाही. आमच्या गावात साखर कारखाना आहे. दिवाळी झाली की बीडकडच्या टोळ्या येतात, पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात, आणि त्यांच्यातली दोन-चार मुले दरवर्षी प्रवेश घेऊन उन्हाळ्याआधीच दिसेनाशी होतात. त्यांच्या गाण्यांची यादी आमच्याजवळ नाही.

शेवटून दुसरे गाणे सुंदर पोपोचे, ‘नाना अँड नानी’, १९६९ चे. सुंदर पोपो त्रिनिदादचा. १८४५ ते १९१७ या काळात करारबद्ध मजूर म्हणून भोजपुरी मुलखातून हजारो माणसे तिथल्या उसाच्या मळ्यांवर नेली गेली, त्यांच्या वंशातला. जन्मगाव बॅरकपूर, बंगालमधले नव्हे, त्रिनिदादमधलेच. आजी-आजोबांची थट्टा करणाऱ्या या गाण्यात मोडकी हिंदी आणि तिथली इंग्रजी एकत्र नांदतात, आणि ‘चटणी’ नावाचा तिथला संगीतप्रकार लोकप्रिय होण्याची सुरुवात याच गाण्यापासून धरतात. हे गाणे आम्ही खास आमच्या विद्यार्थ्यासाठी निवडले होते. त्याला आनंद होईल, अशी आमची कल्पना.

आणि शेवटचे? इथे आमच्यांत दोन दिवस अबोला होण्याची वेळ आली. एकाचे म्हणणे, अब्दुल करीम खाँसाहेबांचे ‘चंद्रिका ही जणू’ हवे. उत्तर प्रदेशातल्या कैरान्याचा माणूस मिरजेत येऊन राहतो, मराठी नाट्यपद गातो, त्याचे ध्वनिमुद्रण होते. याहून मोठा पुरावा कोणता? दुसरीचे म्हणणे, सर, खाँसाहेबांना स्थलांतरित म्हणालात तर मिरजेत कोणी आपल्याला चहा देणार नाही. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उरुसात तिथे देशभरचे गवई हजेरी लावतात. ते आपले आहेत. यावर पहिल्याचा प्रश्न, आपले कधीपासून? माजोर्डे ते मुंबई हे अंतर कैराना ते मिरज या अंतराच्या निम्मेही नाही. पण पहिले परदेशगमन आणि दुसरे नुसतेच प्रवास? ‘मानापमान’ १९११ चे, गोविंदराव टेंब्यांची चाल, खाँसाहेबांच्या तोंडी मराठी उच्चार थोडे वेगळे होतात, आणि त्या वेगळेपणाने शब्द मऊ होतात. दोष म्हणून नव्हे. शेवटी गाणे राहिले. प्रश्नही राहिला.

गच्चीवर बाराजण होते. मॅडमच्या मनात लिट्टी-चोखा मागवायचे होते, पण विद्यार्थ्याने आदल्या दिवशी सांगितले, “आई पुरणपोळ्या पाठवतेय. कमी पडणार नाहीत.” आम्ही प्रत्येक गाण्यापूर्वी दोन शब्द बोलत होतो. तिसऱ्या गाण्यापर्यंत ते सहन केले गेले. मग मागून आवाज आला, “सर, नोट्स नंतर द्या, आधी वाजवा.” भगवानदादांच्या गाण्यावर सारे नाचले, ‘ईना मीना डीका’ दोनदा झाले, ‘किंबारा’वर आम्हीही हात-पाय हलवले आणि त्याचे चित्रीकरण झाले, ते पुसून टाकण्याचे आश्वासन अद्याप पाळले गेलेले नाही.

सुंदर पोपो लागला तेव्हा आम्ही मुद्दाम विद्यार्थ्याकडे पाहिले. तो हसला, थोडा वेळ ऐकत राहिला. भोजपुरी शब्द त्याने ओळखले. मग विचारले, “मॅडम, हा जन्मला कुठं?”

“त्रिनिदादलाच.”

“आणि वडील?”

ते आम्हांला सांगता आले नाही. मजुरांची नेआण १९१७ साली थांबली आणि हा १९४३ चा, तेव्हा बहुधा मागच्या पिढीपासूनचे तिथलेच, एवढे म्हणालो.

“मग हा या यादीत कसा काय आला?” त्याच्या आवाजात राग नव्हता, तो वर्गात शंका विचारतो तसेच विचारत होता. “म्हणजे मीही या यादीत आहे का? मी तर सर, इथल्याच सरकारी दवाखान्यात जन्मलो.”

आमच्यापैकी एकाने काहीतरी उत्तर दिले. डायस्पोरा हा शब्द त्यात आला होता, एवढे आठवते. त्याने मान हलवली आणि पुरणपोळीचा डबा घेऊन तो दुसऱ्यांकडे गेला. तुपाची वाटी तेवढी आमच्यापुढे ठेवली.

त्या रात्री आम्ही दोघे जिन्यात बराच वेळ उभे होतो. मुलाखतीत त्याला जे विचारले गेले तेच आम्ही त्याला विचारले होते. फरक एवढाच की आम्ही ते गाऊन-वाजवून, कौतुकाने विचारले. कॉफमनच्या, चिक चॉकलेटच्या ओळीत त्याला बसवताना आम्हांला तो मानच वाटला होता. पण त्या ओळीत उभे राहण्यासाठी त्याला आधी परका व्हावे लागत होते, हे यादी करताना आमच्या लक्षात आले नाही. लालबागच्या आजोबांच्या नातवाला मात्र त्या यादीत बसवावे असे आम्हांला एकदाही सुचले नव्हते. दुसरीच्या घराण्याचे मूळ गाव आज कर्नाटकात आहे, तेही नाही. आमची नोंद आम्ही न सांगता यजमानांच्या बाजूला करून टाकली होती.

खाँसाहेबांचे गाणे राहूनच गेले होते. सारे पांगताना विद्यार्थ्यानेच ते लावले. आवाज कमी करून, शेजाऱ्यांचा विचार करून. तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण. कोणी नाचले नाही, एकाने खुर्च्या एकात एक घालून ठेवल्या.

यादी सामाईक होती, कोणीही तीत भर घालू शकत होते. दोन दिवसांनी पाहिले तर तिचे नाव बदललेले होते : ‘गच्चीवरची गाणी’. संकेतधून काढून टाकलेली होती. ती आम्ही परत घातली. आता तीत एकोणतीस गाणी आहेत, त्यांतली आमची नऊ. विद्यार्थ्याने घातलेली चार आहेत : दोन लावण्या, एक आदर्श शिंद्यांचे, आणि एक असे की ज्याची भाषा आम्हांला ओळखता आलेली नाही. विचारले तर म्हणतो, “आधी ऐका.”